खळ, कात्री आणि कागद : चिकटवहीची कुळकथा

मराठीत जिला चिकटवही म्हणतात ती ग्रंथविद्येच्या दृष्टीने मोठी अडचणीची वस्तू आहे. तिच्यातला मजकूर एकाने लिहिलेला, चित्रे दुसऱ्याने काढलेली आणि छपाई तिसऱ्यानेच केलेली असते. असे असूनही ती वही या तिघांपैकी कोणाचीही नसून, ज्याने ते कागद कापले, एकमेकांशेजारी मांडले आणि चिकटवले त्याची असते. तिला हस्तलिखित म्हणावे तर हाताने लिहिलेले तिच्यात क्वचितच काही सापडते, आणि मुद्रित म्हणावे तर तिची दुसरी प्रत जगात कोठेही नसते. तिचा इतिहास सांगताना बहुधा छापखान्यापासून आरंभ केला जातो, आणि ते वावगेही नाही, कारण कापण्याइतका छापील कागद हाताशी आल्याखेरीज कोणी कात्री उचलत नाही. परंतु या वहीचे मराठी नाव कागदावरून वा छपाईवरून पडलेले नाही. ते चिकटवण्याच्या क्रियेवरून पडले आहे, आणि ‘स्क्रॅपबुक’ या इंग्रजी नावापेक्षा ते अधिक नेमके आहे. ‘स्क्रॅप’ हा शब्द तुकडा, उरलेसुरले, टाकाऊ असे सुचवतो. मराठी शब्द मात्र तो तुकडा पानावर कशाच्या आधाराने राहतो हे सांगतो. चिकटवहीपुढे वेळोवेळी आलेल्या बहुतेक अडचणी, आणि त्यांवर निघालेले बहुतेक तोडगे, अखेर खळीचे, डिंकाचे किंवा सरसाचे होते.

खळ म्हणजे गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, मंद आचेवर ढवळत शिजवून केलेला चिकट लगदा. महाराष्ट्रात कागदाशी तिचा संबंध चिकटवण्याच्याही आधीपासूनचा आहे. दौलताबादजवळचे कागजीपुरा आणि पुणे जिल्ह्यातले जुन्नर ही हातकागदाची जुनी ठिकाणे. तेथले ‘कागदी’ म्हणवणारे कारागीर चिंध्या, ताग, जुनी पोती असा माल कुजवून व कुटून त्याचा लगदा करीत, तो पाण्यात कालवून चाळणीसारख्या साच्यावर उचलीत, ओले ताव भिंतीला लावून वाळवीत, आणि मग त्या तावांना खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटीत. खळीमुळे कागदाची छिद्रे बुजतात आणि शाई फुटत नाही. घोटल्यामुळे बोरू अडखळत नाही. आज दुकानात रंगीत, चकचकीत कागदाला ‘घोटीव कागद’ म्हणून मागणी केली जाते, तेव्हा दगडाने घोटण्याची ती जुनी क्रियाच त्या नावात शिल्लक असते, जरी प्रत्यक्षात तो कागद यंत्रातून आलेला असला तरी.

एवढ्या मेहनतीने तयार होणारा कागद कोणी कापून चिकटवीत नसे. त्यावर उतरवून घेत असत. चिकटवहीची पूर्वज ठरणारी मराठी वस्तू म्हणूनच चिकटवलेली नसून लिहिलेली आहे, आणि तिचे नाव बाड. एका कडेला शिवलेल्या या वहीत आवडलेले अभंग, पदे, आरत्या, श्लोक, क्वचित औषधांचे पाठ, असा जो मजकूर जेथे मिळेल तेथून नकलून घेतलेला असे, त्याला क्रम असा एकच : मालकाला तो ज्या क्रमाने भेटला तो. समर्थ संप्रदायाच्या मठांत अशी बाडे पिढ्यानपिढ्या जपली गेली, आणि शंकर श्रीकृष्ण देव यांनी धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारे, जिची स्थापना १८९३ साली झाली, ती गोळा केल्यामुळे त्यांतील बराच भाग आज धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात पाहावयास मिळतो. युरोपातही अशाच नकलून घेण्याच्या वह्या होत्या, आणि विद्वानांना त्यांतील गोंधळ इतका जाचत होता की जॉन लॉक या तत्त्वज्ञाने अशा वहीची सूची अक्षरांनुसार कशी करावी याची एक पद्धतच लिहून काढली; ती १६८६ साली फ्रेंचमध्ये आणि त्याच्या मृत्यूनंतर १७०६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. बाड लिहिणाऱ्या मराठी माणसाला सूचीची गरज भासलेली दिसत नाही. त्याला कोणते पद कोठे आहे हे पाठ असे.

जे दुर्मीळ ते कापायचे नाही, हा नियम मोडणारे पहिले लोक गरीब नव्हते, बादशहा होते. इराणी आणि मोगल दरबारांत ‘मुरक्का’ नावाचे संग्रह तयार होत. मुरक्का या अरबी शब्दाचा अर्थ ठिगळे लावलेले, आणि तो सूफी फकिरांच्या गोधडीवजा अंगरख्यालाही लावला जाई. निरनिराळ्या काळांतली, निरनिराळ्या हातांची चित्रे व सुलेखनाचे नमुने मूळ जागेवरून काढून, कडा कातरून, नव्या पानावर चिकटवीत आणि भोवती बेलबुट्टीची रुंद किनार, म्हणजे हाशिया, रंगवीत. इराणचा राजपुत्र बहराम मिर्झा याच्यासाठी १५४४ साली दोस्त मुहम्मद याने सिद्ध केलेला असा संग्रह इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे, आणि जहांगीरच्या संग्रहात तर युरोपातून आलेली छापील कोरीव चित्रेही मोगल चित्रांच्या शेजारी जाऊन बसली. दारा शुकोहने आपली पत्नी नादिरा बानू बेगम हिला दिलेला मुरक्का आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. समोरासमोरच्या दोन पानांवर दोन चित्रे आणि त्यानंतरच्या दोन पानांवर दोन सुलेखने अशी मांडणी पाळली जाई. याचा अर्थ असा की संग्राहकाला कोणते चित्र कोणत्या चित्रासमोर शोभेल याचा विचार करावा लागे, आणि चिकटवहीची खरी कला ती हीच.

या संग्रहांचा पाया होता वसली. पातळ कागदाचे अनेक ताव खळीने एकावर एक चिकटवून, दाबून आणि घोटून केलेला जाड पुठ्ठेवजा कागद म्हणजे वसली. लघुचित्रे आजही अशाच कागदावर काढली जातात. तिच्या खळीत थोडे मोरचूद घालतात, कारण पिठाला कसर आणि झुरळे लागतात आणि मोरचूद विषारी असल्याने ती दूर राहतात. पुस्तकबांधणी करणाऱ्या महाराष्ट्रातल्या कारागिरांनाही ही युक्ती परकी नाही. पुढे याच मोगल चित्रांवर कात्री चालली ती व्हिएन्नात. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा हिच्या काळात, अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात, शोनब्रुन राजवाड्यातल्या एका दालनाच्या भिंती भारतीय लघुचित्रांनी सजवण्यात आल्या; तेवढ्यासाठी ती चित्रे कापून, एकातली माणसे दुसऱ्यातल्या बागेत आणि एकातले घोडे दुसऱ्यातल्या डोंगराखाली अशी नव्याने जुळवून वेलबुट्टीदार चौकटींत बसवली गेली. कलेच्या अभ्यासकांना हे दालन पाहताना हळहळ वाटते, आणि ती रास्त आहे. तथापि मुरक्का करणाऱ्यांनीही जुन्या पोथ्यांची पाने अशीच मोकळी केली होती, हे विसरून चालणार नाही.

इंग्लंडात कापण्याचा हा नाद पसरण्यास एका धर्मोपदेशकाचे पुस्तक कारण झाले. जेम्स ग्रेंजर याने १७६९ साली इंग्लंडातील थोरांची चरित्रे देणारा ग्रंथ काढला आणि त्यात कोणाचे कोरीव व्यक्तिचित्र कोणते याची यादी दिली. चित्रे ग्रंथात नव्हती. श्रीमंत वाचकांनी यादीबरहुकूम चित्रे मिळवून ती त्या ग्रंथात लावण्याचा सपाटा लावला, त्यासाठी इतर पुस्तकांची मुखचित्रे फाडली, आणि इंग्रजीला ग्रेंजरच्या नावावरून एक क्रियापद मिळाले. एका ग्रंथाच्या प्रेमापोटी दुसऱ्या ग्रंथांचा जीव घेण्याचा हा प्रकार होता.

त्याच सुमारास कात्रीचा याहून फार निराळा उपयोग एका वृद्ध स्त्रीने करून दाखवला. मेरी डिलेनी (१७००–१७८८) ही दुसऱ्यांदा विधवा झालेली बाई पोर्टलंडच्या डचेसकडे राहत असता, बहात्तराव्या वर्षी, तिला जिरॅनियमच्या फुलाच्या पाकळीशी तंतोतंत जुळणारा लाल कागद हाती लागला, आणि त्यातून तिने कागदी फुलांचा एक प्रचंड उद्योग उभा केला. तिची पद्धत ऐकायला साधी आहे. ताज्या फुलाची डहाळी समोर ठेवायची. आधी रेखाटन न करता, नजरेच्या अंदाजाने रंगीत पातळ कागदातून पाकळ्या, पाने, देठ, परागकेसर, पानांवरच्या छाया असे सुटे तुकडे कापायचे. आणि ते काळ्या रंगाने माखलेल्या तावावर एकावर एक असे चिकटवायचे की छटा रंगाने नव्हे, तर कागदाच्या थरांनी उठावी. एकेका फुलात शेकडो तुकडे असत. केसरांच्या संख्येपर्यंत वनस्पतिशास्त्राशी ती प्रामाणिक राहिली, आणि कागदावर नाव लिहिताना लिनियसच्या नव्या वर्गीकरणातली नावे लिहू लागली. एक हजार फुले पुरी करण्याची तिची इच्छा होती. १७८२ साली दृष्टी अधू झाल्यामुळे ती थांबली तेव्हा ९८५ झाली होती. दहा खंडांतला हा संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. घरबसल्या बायकांचा विरंगुळा म्हणून कागदकामाला जे हिणवले जाते, त्याला हे दहा खंड पुरेसे उत्तर आहे.

डिलेनीला कागद शोधावा लागला. तिच्या नातवंडांच्या पिढीला तो आवरावा लागला. आपली नाटके स्वस्तात छापता यावीत म्हणून धडपडणाऱ्या आलोइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस शिळाछाप शोधून काढला, म्हणजे गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने काढून त्यावरून ठसा घेण्याची रीत. आणि १८३७ साली गोदफ्रॉय एंगेलमन याने एकेका रंगाला एकेक दगड वापरून रंगीत चित्रे छापण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यातून ज्याला इंग्रजीत ‘स्क्रॅप’ असेच नाव पडले, तो माल बाजारात आला. फुले, देवदूत, मांजरे, सैनिक, बाहुल्या यांची झगमगीत चित्रे एका तावावर छापून, त्यांवर चकाकी चढवून, साच्याखाली दाबून त्यांना उठाव देत आणि मग पोलादी पात्याच्या साच्याने त्यांच्या कडा नेमक्या कापीत. सगळी चित्रे एकमेकांना बारीक कागदी पट्ट्यांनी जोडलेली राहत, त्या पट्ट्या कापल्या की चित्र सुटे. या धंद्यात जर्मन छापखाने आघाडीवर होते, आणि लंडनमध्ये १८६६ साली दुकान उघडणारा राफाएल टक हाही प्रशियातूनच आलेला होता. येथे एक सूक्ष्म फरक पडला, आणि त्याचे महत्त्व पुढे दिसेल : टाकाऊ म्हणून जो तुकडा कापला जात असे, तो आता चिकटवण्यासाठीच छापून विकत मिळू लागला.

याच जर्मन छपाईचे एक टोक मुंबईपर्यंत आले. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत जर्मनीहून आणलेली यंत्रे व तंत्रज्ञ यांच्या साहाय्याने छापखाना काढला, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याच्याही आधी, १८७८ साली, विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा छापखाना सुरू करून देवादिकांची व मराठी इतिहासातल्या पुरुषांची रंगीत चित्रे घरोघर पोचवली होती. ही चित्रे वहीत गेली नाहीत, देवघरात आणि भिंतीवर गेली. पण कात्रीपासून तीही सुटली नाहीत. लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील लुगड्यांवर खऱ्या कापडाचे तुकडे, जर, टिकल्या आणि मणी चिकटवून चित्र मढवण्याची हौस देशात अनेक ठिकाणी होती, आणि अशी मढवलेली चित्रे आज संग्राहकांकडे जपलेली आढळतात. युरोपातल्या बाईने चित्र कापून वहीत नेले. येथल्या बाईने चित्र जागेवर ठेवून त्याला नेसवले.

युरोपातल्या वरिष्ठ वर्गातल्या काही स्त्रिया मात्र याहून पुढे गेल्या. फ्रान्समध्ये डिस्देरी या छायाचित्रकाराने १८५४ साली भेटपत्रिकेच्या आकाराच्या लहान छायाचित्रांचे पेटंट घेतल्यावर अशी चित्रे इतकी साचली की सातव्या-आठव्या दशकांत इंग्लंडातल्या उमराव घराण्यांतल्या स्त्रियांनी त्यांतली मुंडकी कापून जलरंगात काढलेल्या बदकांच्या धडांवर, पत्त्यांच्या पानांवर, छत्र्यांवर आणि कोळ्याच्या जाळ्यांत चिकटवण्यास आरंभ केला. विसाव्या शतकातल्या चित्रकारांनी कोलाज म्हणून जे मिरवले, ते त्यांच्या आज्यांनी पन्नास वर्षे आधी चहाच्या टेबलावर करून ठेवले होते, एवढे नमूद करून पुढे जाणे बरे.

वर्तमानपत्रांनी चिकटवहीला खरा धंदा मिळवून दिला तो अमेरिकेत, आणि तेथेच खळीची अडचण उघड झाली. यादवी युद्धाच्या वर्षांत, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, कात्रणे जमवण्याची सवय घराघरांत शिरली. कोऱ्या वह्या महाग पडत, म्हणून लोक जुने हिशोबाचे चोपडे, फुकट मिळणारे सरकारी अहवाल, शेतीखात्याची जाडजूड वार्षिके घेऊन त्यांच्या छापील मजकुरावरच कात्रणे चिकटवीत, ई. डब्ल्यू. गर्ली याने १८८० साली चिकटवह्या कशा कराव्यात याचे जे पुस्तक काढले, त्यातही हा मार्ग सुचवलेला आहे. कात्रणांच्या कडांतून डोकावणारे अहवालातले तक्ते आजच्या अभ्यासकाला वहीचा तळ दाखवतात. पण पिठाची खळ दर वेळी नव्याने शिजवावी लागे, ती आंबे, बुरसे, पाने एकमेकांना चिकटत आणि वही फुगून पुठ्ठा उचलला जाई. या त्रासाला वैतागलेल्यांत सॅम्युएल क्लेमेन्स हा गृहस्थ होता, ज्याला जग मार्क ट्वेन म्हणून ओळखते. त्याने २४ जून १८७३ रोजी स्वतःच्या चिकटवहीचे पेटंट मिळवले. तिच्या पानांवर डिंकाच्या पट्ट्या आधीच लावून वाळवलेल्या असत. पाकिटाप्रमाणे त्या ओल्या करायच्या आणि कात्रण दाबायचे. खळीची वाटी हरवल्यामुळे माणसांच्या तोंडून निघणाऱ्या शिव्या कमी व्हाव्यात हा आपला हेतू असल्याचे तो विनोदाने सांगे. डॅनियल स्लोट या मित्राच्या कंपनीने ही वही विकली आणि ती खपलीही चांगली. तिच्यात ट्वेनने लिहिलेला एक शब्दही नव्हता, हा त्यातला विनोद त्याच्या वाचकांनाही कळत होता.

या वह्यांत काय चिकटवले गेले हा प्रश्न ते कशाने चिकटवले या प्रश्नाइतकाच गंभीर आहे, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. एलन ग्रुबर गार्व्ही या अभ्यासिकेने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवले की छापील जगात ज्यांना स्वतःचे स्थान नव्हते, त्यांनी छापील जगाचे तुकडे जुळवून स्वतःचा इतिहास लिहिला. फिलाडेल्फियातला कृष्णवर्णीय संग्राहक विल्यम डॉर्सी (१८३७–१९२३), ज्याचा बाप गुलामीत जन्मून पुढे शहरातला नामवंत खानपानव्यावसायिक झाला, याने सुमारे ४०० चिकटवह्या केल्या. गोऱ्या लोकांच्या वर्तमानपत्रांत कृष्णवर्णीयांविषयी जे येई ते बहुधा गुन्ह्याची, दंग्याची वा थट्टेची बातमी म्हणून येई. डॉर्सीने तीच बातमी कापली, पण कृष्णवर्णीय शिक्षक, वादक, व्यापारी, सैनिक यांच्याविषयीच्या बातम्यांशेजारी ती अशी लावली की तिचा मूळ सूर निष्प्रभ व्हावा. एका शब्दाचीही भर न घालता मजकुराचा अर्थ उलटवण्याची ही युक्ती आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये अलेक्झांडर गंबी (१८८५–१९६१) याने असाच सुमारे ३०० वह्यांचा संग्रह केला, जो पुढे कोलंबिया विद्यापीठाकडे गेला. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुझन अँथनी हिने आपल्या चळवळीची कात्रणे अनेक दशके चिकटवली आणि अशा ३३ वह्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिल्या. राष्ट्राच्या ग्रंथालयात आपले पुस्तक नव्हे तर आपली कात्रणे ठेवावीत असे तिला वाटले, यातच त्या वह्यांचे स्वरूप स्पष्ट होते : त्या आठवणी नव्हत्या, तो पुरावा होता.

मराठी मुलाच्या दप्तरात चिकटवही आली ती या वाटेने नव्हे, शाळेच्या वाटेने. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) याने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी जी संस्था काढली आणि जिला पुढे किंडरगार्टन, म्हणजे बालोद्यान, असे नाव दिले, तिच्या कार्यक्रमात कागदाला घडी घालणे, पट्ट्या विणून चटई करणे, कापणे, सुईने भोके पाडून आकृती उठवणे आणि चिकटवणे हे उद्योग पायरीपायरीने आखलेले होते. घडीकामाचा त्याचा हेतू भूमितीचा होता. चौकोनाला कर्णावर मुडपले की त्रिकोण होतो हे मुलाने बोटांनी शिकावे असे त्याला वाटे. प्रशियाच्या सरकारने १८५१ साली अशा शाळांवर बंदीच घातली, पण शिक्षकांनी ही रीत जगभर नेली. जपानात ती १८७६ साली टोकियोला पोचली आणि तेथल्या जुन्या घडीकामात मिसळली, मद्रासमध्ये टी. सुंदर राव यांना या शाळांच्या घडीच्या कागदांवरून कल्पना सुचून त्यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक लिहिले, ज्याची वाखाणणी फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने केली आणि ज्याची आवृत्ती पुढे शिकागोहून निघाली.

महाराष्ट्रातल्या शाळांत कार्यानुभव, हस्तकला अशा नावांखाली घडीकाम, चटईकाम आणि चिकटकाम आले ते अशा प्रवासानंतर. त्यात एक विसंगती आहे. शाळेत नवे म्हणून जे शिकवले गेले ते शाळेबाहेर पिढीजात चालू होते. बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर खळीने कागद लावून आकाशकंदील करणारा, मोहरमसाठी कागद-बेगडाचे ताबूत बांधणारा, गणपतीचे मखर कातरणारा, पतंगाला कामटी चिकटवणारा, या प्रत्येकाला कागद कोणत्या बाजूला ताणतो, खळ किती पातळ ठेवली म्हणजे कागद सुरकुतत नाही, आणि ओला कागद वाळताना कामटी कशी वाकवतो याचे ज्ञान होते. परंतु ते अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांनी विचारले नाही. याला अपवाद ताराबाई मोडक यांचा. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी बालवाड्या चालवल्या तेव्हा महागड्या परदेशी साधनांऐवजी पाने, बिया, शिंपले आणि हाताशी असेल ते साहित्य वापरण्याचा आग्रह धरला. त्याच्या आधीच, १९३४ साली वर्ध्याला स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हातकागदाला पुन्हा उचलून धरले, आणि के. बी. जोशी यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये पुण्यात हातकागदाची संस्था उभी राहिली. तिचा कागद लग्नपत्रिकांत, भेटकार्डांत आणि हौशी लोकांच्या वह्यांत गेला. शाळेच्या चिकटवहीत मात्र वर्तमानपत्रच राहिले : पक्षी, नेते, वाहतुकीची साधने.

आणि वर्तमानपत्र पिवळे पडते. याची कारणे चिकटवही लोकप्रिय होण्याच्या आधीच कागदात शिरली होती. मोरिट्झ इलिग या जर्मन कागदवाल्याने १८०७ साली तुरटी आणि राळ वापरून कागदाला पाजण देण्याची रीत प्रसिद्ध केली, म्हणजे कागजीपुऱ्यात जे काम खळ करीत असे ते काम आता लगद्यातच तुरटी आणि राळ करू लागली; आणि १८४४च्या सुमारास फ्रीड्रिख केलर याने लाकूड घासून लगदा करण्याची युक्ती काढल्यावर चिंध्यांची गरज उरली नाही. तुरटीमुळे कागदात आम्ल साठते, आणि लाकडातले लिग्निन उजेडाने तपकिरी होते. परिणामी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या चिकटवह्यांची पाने आज बोट लावताच मोडतात, तर त्याच्या शेकडो वर्षे आधीचे दौलताबादी कागद लवचीक राहिलेले दिसतात. आम्लाचा हा दोष विल्यम बॅरो याने व्हर्जिनियात १९५०च्या दशकात प्रयोगांनी सिद्ध केला. सामान्य माणसाला तो कळण्याआधी आणखी एक संकट येऊन गेले : काळ्या पानांचा, छायाचित्रांना कागदी कोपरे लावणारा आणि मध्ये बटर पेपर घालणारा जुना अल्बम मागे पडून, चिकट पट्ट्यांच्या पुठ्ठ्यावर पारदर्शक प्लॅस्टिक दाबायचे असा अल्बम घरोघर आला, ज्याला ‘मॅग्नेटिक’ म्हणत, जरी त्यात लोहचुंबक नव्हते. त्याचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडे आणि छायाचित्राला असा धरून बसे की ते फाडल्याशिवाय निघत नसे. कोपऱ्यांच्या अल्बमात छायाचित्राला डिंक लागतच नसे, म्हणून मराठी घरांतले १९६०च्या आसपासचे लग्नाचे अल्बम पुष्कळदा त्यांच्या मुलांच्या लग्नांच्या अल्बमांपेक्षा सुस्थितीत आढळतात.

आजचा हौशी ‘स्क्रॅपबुकिंग’चा धंदा या चुकीतून जन्मला. अमेरिकेतल्या युटा राज्यात, जेथे मॉर्मन पंथामुळे वंशावळी व कुलवृत्तांत ठेवण्यास धार्मिक महत्त्व आहे, मॅरियेलन क्रिस्टेनसेन या गृहिणीने १९८० साली सॉल्ट लेक सिटीतल्या जागतिक अभिलेख परिषदेत आपल्या कुटुंबाच्या चिकटवह्या मांडल्या, आणि पाहणाऱ्यांची चौकशी इतकी वाढली की पुढल्या वर्षी तिने पुस्तक लिहून दुकान काढले. आम्लविरहित कागद, छायाचित्राला अपाय न करणारा चिकटा, सजावटीच्या कात्र्या यांचा हा बाजार १९८७ साली निघालेल्या ‘क्रिएटिव्ह मेमरीज’सारख्या कंपन्यांनी घरगुती बैठकांतून वाढवला. व्हिक्टोरियन काळातील छापील तुकड्यांप्रमाणे येथेही तुकडे चिकटवण्यासाठीच छापून येतात, आणि पानभर जुनाट दिसणारी वर्तमानपत्राची नक्षी आम्लविरहित कागदावर विकत मिळते. ज्या वहीत टाकाऊ कागदाला जागा मिळत असे, तिला आता टाकाऊचे चित्र पुरते.

दप्तरखान्यांत आणि संग्रहालयांत मात्र काम उलट दिशेने चालते. फाटलेले पान जोडायचे, जुन्या चिकटवहीतले कात्रण सोडवायचे, किंवा मुरक्क्याची सुटलेली किनार बसवायची, तर संरक्षक आजही कारखान्यातला चिकटा बाजूला ठेवून गव्हाच्या पिष्टाची खळ शिजवतात, ती चाळणीतून गाळतात, आणि तुतीच्या सालीचा पातळ जपानी कागद तिने लावतात. तिची निवड ती घट्ट धरते म्हणून होत नाही. पन्नास किंवा शंभर वर्षांनी कोणाला ते पान पुन्हा उलगडायचे झाले, तर थोड्या ओलाव्याने ती सुटते म्हणून होते.